तेल विरुद्ध पाणी

जगातली कुठलीही गोष्ट अर्ध्या कागदावर मावते आणि जी मावत नाही तिच्यात कुणीतरी खोटं बोलत असतं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. भूमच्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून लागलो तेव्हा बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली. खोली बघायला गेलो त्या दिवशी मी भिडस्तपणे माझी सगळी हकीकत सांगायला लागलो. वडील कधी वारले, आई आणि धाकटी बहीण तुळजापुरात मामांकडं कशा दिवस काढतात, मी औषधांचं शिक्षण घ्यायला कसा गेलो. ते बाजेवर डोळे मिटून ऐकत होते. मी दम खायला थांबलो तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मतलब, एकटे आहात, नोकरदार आहात, खोली पाहिजे. मंजूर. बाकीचं मिसलीला लागू न्हाय." मला राग आला होता, पण खोलीही हवी होती. मी मुकाट्यानं वळकटी उतरवली.

निजामाच्या अमदानीत आमचे हे घरमालक, म्हणजे मी ज्यांना काका म्हणायचो ते, मुन्सफ कोर्टात मिसलींचे खुलासे, म्हणजे थोडक्यात सार, काढायचं काम करत. मिसल म्हणजे एका खटल्याचे सगळे कागद. फिर्याद, जबाब, उलटतपासण्या, शिवेचे नकाशे असं मिळून गठ्ठा कितीही फुगलेला असो, काकांनी त्याचा खुलासा एका कागदावर काढून साहेबांपुढं ठेवायचा. कागद उभा दुमडायचा. उजव्या अर्ध्यात खुलासा आणि डावा अर्धा साहेबांच्या शेऱ्यासाठी कोरा. वर तंटा कुणाकुणात आणि कशाचा, मग साक्षीदार कोण, आणि शेवटी वाद कुठं येऊन अडला. साहेबांचा हुक्का भरून होईपर्यंत वाचून झाला पाहिजे असा दंडक. लिहिणाऱ्याची सही नाही, नाव नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, कोर्टातली उर्दू गेली, आणि नवे साहेब आले त्यांना म्हणे सगळं स्वतः वाचायची सवय होती. काकांना घरी बसवण्यात आलं. जुन्या मिसली गाड्यांत भरून जिल्ह्याला गेल्या. त्यांनी खुलासे काढलेल्या कित्येक तंट्यांचा शेवट काय झाला ते त्यांना कधीच कळलं नाही, आणि ही एक गोष्ट सांगताना मात्र ते थोडक्यात सांगत नसत.

कोर्ट गेलं तरी खोड गेली नाही. मारुतीच्या देवळात बुवांचं कीर्तन चांगलं रंगून संपलं की हे बाहेर चपला घालताना मोठ्यानं म्हणणार, "मुद्दा एकच होता. खोटं बोलू नये." कुणाकडं मयत झाली तर भेटायला जात, घरच्यांचा हुंदका जरा कमी होऊ देत आणि मग हळूच विचारत, "कारण काय? वारस कोण?" आणि उठत. यांची लेक सास्तूरला दिली होती, तिला पत्र लिहीत ते असं: "सर्व खुशाल. तूही असावीस. नसल्यास कळव." स्वतःच्या लग्नाबद्दल मी एकदा गंमतीनं विचारलं तर म्हणाले, "उभयपक्षी मान्य." आत पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला. कारण काकू अगदी उलट. त्या आठवडी बाजारातून मेथीची जुडी आणायला गेल्या तरी येऊन सांगताना आधी भाजीवालीच्या नणंदेचं बाळंतपण व्हायचं, मग वाटेत भेटलेल्या म्हशीचं, आणि मेथी यायची ती जेवायच्या वेळी. "ह्यांच्यासंगं बोलायचं म्हंजी तारेचे पैसे वाचवल्यासारखं," त्या म्हणायच्या, "लेकरा, माणसानं बोलून मोकळं व्हावं का न्हाय?" मी दोघांनाही हो म्हणत असे. भाडेकरूला दुसरं काय सुचणार?

आता माझ्या अडचणीकडं येतो. माझी नेमणूक तात्पुरती होती. शिक्षणातले सगळे पेपर सुटले होते, एकच मानेवर बसला होता, फिजिकल फार्मसीचा. औषधं एकमेकांत का मिसळतात, काही जन्मात का मिसळत नाहीत, पूड तळाशी का बसते, थेंब गोलच का होतो, याचं सगळं शास्त्र. कॉलेजात असताना तो मला कधी उमगलाच नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की येत्या परीक्षेत हा पेपर सुटला तर जागा पक्की, नाही सुटला तर जिल्ह्याहून दुसरा मुलगा येणार, तो पास होऊन बसलाय. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. जागा पक्की झाली की मी आईला आणि बहिणीला भूमला आणणार होतो. मामांच्या घरात त्या दोघी किती दबून राहतात ते मी पाहिलं होतं. काकूंनी तर मागची खोली आत्ताच सारवून ठेवली होती आणि आईनं आल्यावर तुळस कुठं लावायची तेही ठरवून टाकलं होतं. त्या खोलीवरून जाताना मी तिकडं बघायचं टाळायचो.

रोज संध्याकाळी दवाखाना आटोपला की मी ओट्यावर बसून ते इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचो, कारण मनात वाचलं की मला झोप यायची. पुस्तक चांगलं विटेएवढं जाड होतं आणि आख्ख्या जिल्ह्यात त्याची दुसरी प्रत असेल असं मला वाटत नव्हतं. काका बाजेवर पडून ऐकत. काही दिवस त्यांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी ताडकन उठून बसले. "कंपौंडर, हा माणूस कवापासून बोलतोय. त्याला म्हणायचंय काय?" मी म्हणालो, इमल्शनवर आहे, तेल आणि पाणी एकत्र कसं ठेवायचं त्यावर. "तंटा कुणाकुणात?" मला काही कळेना. "अहो, तेलात आन पाण्यात ना? मग आधी ते सांगा. वादी तेल, प्रतिवादी पाणी. दोघं एका घरात नांदत न्हाईत. पुढं?" मी म्हटलं, बाभळीचा डिंक घालतात. "हां. म्हंजी मध्यस्थ. हा दोघांच्या ओळखीचा दिसतोय. मग काय करतो हा?" मी पुस्तकात बघून सांगू लागलो की तो तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती जाऊन बसतो आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. काका जागेवरून उठले, आतून एक कागद आणला, उभा दुमडला आणि टाक शाईत बुडवला.

त्या दिवसापासून माझ्या अभ्यासाचं कोर्ट झालं. मी एकेक प्रकरण वाचायचं, मराठीत उलगडून सांगायचं, आणि त्यांनी मला उभा-आडवा तपासायचं. सांगताना माझी जीभ अडखळली की ते ओळखायचे. "गवाह ऐकीव सांगतोय. पुन्हा वाचा." मग मी पुन्हा वाचायचो, चिडायचो, डोकं खाजवायचो आणि कसंबसं समजावून घेऊन सांगायचो. आणि शेवटी उजव्या अर्ध्यावर त्यांचं ते टपोरं अक्षर उतरायचं. पृष्ठताणावर त्यांनी लिहिलं, "आतल्या घरांना चहूकडून शेजार. शिवेवरच्या घरांना बाहेरून कोणी नाही, म्हणून ती आत ओढली जातात. थेंब गोल होतो तो यामुळे." काकवी पाण्याहून सावकाश का वाहते यावर, "भाऊबंदकी. थर थराला सरकू देत नाही. ऊब दिल्यास वाद कमी होतो." कोळशाच्या पृष्ठभागावर रंग चिकटून राहतो ते प्रकरण त्यांना फार आवडलं. कोळसा रंग आत मुरवून घेत नाही, नुसता वर धरून ठेवतो, असं मी सांगताच ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "कब्जा आहे, मालकी नाही! असल्या मिसली म्या किती बघितल्या!" आणि आम्ल घाला की अल्क घाला, द्रावणाचा स्वभाव बदलू न देणारं जे बफर असतं त्याला त्यांनी जामीनदार केलं. "कोणीही चूक करो, भरपाई हाच देतो. जामीनदार संपल्यावर खरा प्रकार उघडा पडतो." मी कॉलेजात ते प्रकरण वाचून रडकुंडीला आलो होतो. आता ते माझ्या डोक्यात असं बसलं की हलेना.

प्रत्येक खुलासा पुरा झाला की ते उभे राहत, गल्लीकडं तोंड करत आणि कोर्टातल्या चपराशासारखी आरोळी ठोकत, "कुणाची हरकत?" समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायचा. मी दमलेला असायचो. मी म्हणायचो, "नाही." मग ते तो कागद मला देत आणि मूळ प्रकरण उचलून आत नेत. मूळ प्रकरण म्हणजे पुस्तकाची खरीखुरी पानं. कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाभण घेऊन पुस्तकाची शिवण उसवली होती. "सगळ्या मिसली एका दोऱ्यात बांधत न्हाईत. कोण कुणाच्या पोटात शिरलंय कळत न्हाय." माझा जीव खालीवर झाला होता, पण प्रकरणं सुटी होऊन लाल दोऱ्यात बांधली गेल्यावर वाचायला सोपीही वाटली, म्हणून मी गप्प बसलो. खुलासा झालेलं प्रकरण आत जाताना ते म्हणायचे, "दाखल दफ्तर." मी समजलो, माळ्यावर ठेवत असतील.

एकच प्रकरण असं निघालं की त्याचा खुलासा झालाच नाही. ते होतं डिफ्यूजनचं, म्हणजे पदार्थ आपोआप पसरण्याचं. मी पहिलं पान वाचून सांगायला लागलो, त्यांना पटेना. म्हणून विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा एक खडा दवाखान्यातून आणला आणि पाण्याच्या पेल्यात सोडला. खाली जांभळे धागे सुटले, हळूहळू वर चढायला लागले. काका पेल्यासमोर उकिडवे बसले.

"कुणी ढकललं?"

"कुणी नाही, काका. आपोआप जातं."

"कुठून कुठं?"

"जिथं गर्दी आहे तिथून मोकळ्या जागेकडं."

"थांबतं कवा?"

"सगळीकडं सारखं झालं की."

"आन पाण्याची हरकत?"

"काही नाही."

ते पुष्कळ वेळ पेल्याकडं बघत राहिले. पाणी फिकट जांभळं होऊन गेलं. मग उठून म्हणाले, "मग हे कोर्टात आलंच कशाला? तंटा न्हाय, वादी न्हाय, प्रतिवादी न्हाय. खारीज." मी म्हटलं, काका, पुढं बरीच पानं आहेत, काही नियम आहे, गणित आहे. "खारीज म्हंजी खारीज," ते म्हणाले आणि पानं घेऊन आत गेले. मला त्या दिवशी तेवढंच बरं वाटलं. गणित म्हटलं की मला तसाही घाम फुटायचा.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा एक कोष्टक पुन्हा बघावं म्हणून मी काकांना म्हटलं, जरा माळ्यावरून काकवीचं प्रकरण काढून द्या.

"कोणतं?"

"भाऊबंदकीचं."

"त्याची तर मुदत संपली."

"कसली मुदत?"

"अपिलाची. तुम्ही हरकत न्हाय म्हणाला. मुदत संपली की मिसल तलफ करतात. तसा कायदाच आहे."

तलफ करणं म्हणजे नष्ट करणं हे मला ठाऊक होतं, तरी माझी समजून घ्यायची इच्छा नव्हती. मी आत धावलो. काकू न्हाणीच्या चुलीपाशी होत्या, म्हणाल्या, अरे ते रद्दी कागद ना, हे रोज सकाळी आणून देतात, बरे पेटतात, गुळगुळीत आहेत पण पेटतात, परवा तर एकीकडं दूध ठेवलं आन... आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्या पहिल्यांदाच मध्ये थांबल्या. सगळं पुस्तक गेलं होतं. रोज सकाळी मी ज्या कढत पाण्यानं आंघोळ करून दवाखान्यात जात होतो ते पाणी माझ्याच पुस्तकावर तापलं होतं. पृष्ठताण मी स्वतःच्या डोक्यावर तांब्यानं ओतून घेतला होता. आज हे लिहिताना हसू येतं. त्या दिवशी मी चुलीसमोर फतकल मारून बसलो, आणि राखेत लाल दोऱ्याची जळकी टोकं दिसत होती ती बघत राहिलो. मला आईचा चेहरा दिसत होता.

काकूंनी मात्र त्या दिवशी काकांना सोडलं नाही. "अहो, तुमचं कोर्ट उठलं! कवाच उठलं! तिथं आता कोण बसतं ते तरी ठावं आहे का तुम्हाला? ह्या लेकराची भाकर चुलीत घातलीत तुम्ही! त्याची माय यायचीये, म्या खोली सारवून ठेवलीये!" काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या रागाची जागा सापडेना. ते ओट्यावर गेले आणि बाजेवर न टेकता बाजेशेजारी, जमिनीवर बसले. जेवायला उठले नाहीत. संध्याकाळ झाली, शिंप्याचं मशीन बंद झालं, तसे हाक मारून म्हणाले, "कंपौंडर, इकडं या. मिसल जळाली म्हणून गवाह मरत न्हाय."

मी गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही. त्यांनी आमचे सगळे खुलासे ओळीनं मांडले होते आणि त्यांच्या डाव्या बाजू, ज्या साहेबांच्या शेऱ्यासाठी कोऱ्या होत्या, त्यांच्यावर बोट ठेवून ते मला एकेक विचारायला लागले. "तेलाचे थेंब फुटून वर का येतात? त्या दिवशी तुम्ही तीन कारणं सांगितली होती. दुसरं सांगा." मी म्हणालो, आठवत नाही. "तुम्ही सांगताना काकू ताक घुसळत होत्या. त्यांना बघून सांगितलं होतं." आणि मला आठवलं. असं रोज चाललं. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि शास्त्रातलं तर काहीच नाही, पण मी कुठं अडखळलो होतो, कुठं रागावलो होतो, कुठं पान उलटताना खोकला आला होता, ते सगळं त्यांच्या ध्यानात होतं. त्या खुणा धरून मी एकेक प्रकरण परत वर ओढून काढत होतो आणि कोऱ्या डाव्या बाजूंवर लिहीत होतो. वर्षभर मला ते पुस्तक इतकं मोठ्यानं सांगावं लागलं होतं की ते माझ्यात उरलंच होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. एक डिफ्यूजन तेवढं कुठंच नव्हतं. त्याचा खुलासा नव्हता आणि पुढची पानं मी वाचलीही नव्हती. काका रोज शेवटी तिथं येऊन अडत. निघायच्या दिवशी एस्टीत बसलो तर ते खिडकीपाशी आले, गर्दीत त्यांना धक्के लागत होते. म्हणाले, "खारीज केलेलं विचारलं तर?" मी म्हटलं, विचारणार नाहीत, काका. गाडी हलली तरी ते चालत होते.

लेखी पेपर बरा गेला. प्रत्येक प्रश्नात आधी तंटा शोधला आणि मग लिहिलं. जिथं साक्षीदार लागतील तिथं साक्षीदार दिले, फक्त ती नावं इंग्रजीत बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. परीक्षक वयस्कर होते आणि सकाळपासून मुलांची उत्तरं ऐकून वैतागलेले दिसत होते. माझ्या आधीचा मुलगा डोळे पुसत बाहेर आला. मी आत गेलो, खुर्चीच्या कडेवर बसलो, आणि त्यांनी कागदावरून डोळे न काढता विचारलं, "डिफ्यूजन."

मला वाटलं, संपलं. टेबलावरचा पेला दिसत होता आणि त्याच्यात पाणी होतं. मी त्या पेल्याकडं बघत राहिलो, आणि कानात काकांचा आवाज आला, कुणी ढकललं? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, कुणी ढकलत नाही सर. जिथं गर्दी असते तिथून मोकळ्या जागेकडं ते आपोआप जातं. सगळीकडं सारखं झालं की थांबतं. परीक्षकांनी मान वर केली. "वेग कशावर अवलंबून?" हे काकांनी विचारलं नव्हतं. पण पेल्यासमोर ते जितका वेळ बसले होते तितका वेळ मीही बसलो होतो. सुरुवातीला धागे कसे भराभर सुटत होते आणि पाणी रंगत गेलं तसे कसे मंदावले ते मला दिसलं. मी म्हणालो, दोन जागांमधल्या फरकावर, सर. फरक मोठा असतो तेव्हा घाई असते. फरक कमी झाला की घाईही कमी होते. त्यांनी पुढं विचारलं, "गणित येतं का याचं?" मी खरं सांगितलं, नाही येत. "ठीक आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना नुसतं गणितच येतंय." आणि त्यांनी मला तेल-पाण्यावर विचारलं, आणि तिथं मग मी कुणाला ऐकणार नव्हतो.

भूमला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. काका एस्टीच्या थांब्यावर उभे होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाले, "खारीज केलेल्याचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी थोडक्यात बोलत असे, पण त्या दिवशी मी पेल्यापासून परीक्षकांच्या चष्म्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यांनी एकदाही मला मध्ये तोडलं नाही. मेंढ्या, बैल, मिरच्यांचे ढीग यांच्यामधून आम्ही चाललो होतो. ऐकून झाल्यावर ते थांबले. "मतलब, तो दावा चुकीनं खारीज झाला होता. माझी चूक. पुन्हा नोंद घ्या." घरी गेल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. कागद उभा दुमडला आणि डिफ्यूजनचा खुलासा लिहिला. त्यात शेवटचं वाक्य होतं, "कोणाची हरकत नसणे, हेच या प्रकरणाचे कारण."

निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत काकूंनी मागच्या खोलीचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मग डॉक्टरांनीच एके दुपारी औषधांच्या खिडकीतून हात घालून माझा खांदा थोपटला. आई आणि बहीण पुढच्याच महिन्यात आल्या. तुळस काकूंनी ठरवलेल्या जागी लागली. काकांनी ओट्यावर उभं राहून गल्लीला विचारलं, "कुणाची हरकत?" शिंपी मशीनवरून ओरडला, "न्हाय!" आणि आमची मिसल दाखल दफ्तर झाली. त्यांना आयुष्यात एका तंट्याचा शेवट कळला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला.

पुढं माझ्यासारखे अडकलेले मुलगे यायला लागले. कुणी धाराशिवहून, कुणी ढोकीहून, त्यांचे मित्र आणखी कुठून कुठून. खुलासे उतरून घ्यायचे आणि जायचे. मी काकांच्या मागं लागलो होतो की वर तुमचं नाव लिहू या. ते चिडले. "खुलाशावर लिहिणाऱ्याचं नाव येत नसतं. नाव येतं ते फैसला देणाऱ्याचं. येवढंही कळत न्हाय तुम्हाला?" पुढं माझी बदली झाली. पत्रं यायची ती त्यांच्या पद्धतीची, दोन ओळींची. मग यायची थांबली. भूमला गेलो तर दारात काकू होत्या. मी ओट्यावर टेकलो आणि वाट बघत राहिलो की त्या आता सांगतील, आजारपण, डॉक्टर, शेजारीपाजारी, सास्तूरहून लेक कशी आली, सगळं. काकू म्हणाल्या, "गेले. शांत गेले. तुझी आठवण काढली." एवढंच. मला फार रडू आलं.

आता मी निवृत्त झालो आहे. मागं एकदा औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या रांगेत उभा होतो तर गल्ल्यामागं एक मुलगा परीक्षेची तयारी करत बसला होता. त्याच्यापुढं चक्रमुद्रित कागद होता, आणि त्यावर वाचलं, "कब्जा आहे, मालकी नाही." मी विचारलं, हे कुणी लिहिलंय? तो म्हणाला, "काय माहीत, काका. सगळेच वापरतात." बरोबरच होतं त्याचं. ते कागद हाताहातांतून गेले होते. जिथं होते तिथून जिथं नव्हते तिथं, आपोआप, कुणी न ढकलता, आणि आता सगळीकडं सारखे झाले होते. त्यांच्यावर नाव कधीच नव्हतं. मीही इथं ते लिहिलेलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

पण काका, ओट्यावर उभं राहून तुम्ही इतक्या वेळा विचारलंत आणि दर वेळी मी दमून नाही म्हणत गेलो. आज या बिननावाच्या कागदांवर विचारलंत तर मी हो म्हणेन. माझी हरकत आहे.